एंजलची अंडी आणि कानिफनाथाचं मशीन

कोल्हारात एस.टी. स्टँडच्या समोर सहादेव बिडव्याचं सलून होतं. नगर-मनमाड रस्त्यावरची प्रत्येक गाडी तिथं थांबायची, त्यामुळं गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. पण सहादेवाची ख्याती काही त्याच्या वस्तऱ्यामुळं झालेली नव्हती. वस्तरा बरा चालायचा, इतकंच. ख्याती होती ती आरशासमोरच्या भिंतीला लावलेल्या काचेच्या टाकीची. खुर्चीत बसलेल्या माणसाला आरशात आपलं तोंड दिसायचं आणि तोंडाच्या मागं पोहणारे मासे दिसायचे. आपल्या तोंडापेक्षा मासे बघावेत असं बहुतेकांना वाटे, आणि त्यांचं काही चुकत नसे.

टाकीत चार-पाच जातींचे मासे होते, पण राजाराणी एकच. चंदेरी अंगावर काळे पट्टे, वर-खाली लांबलचक पर, आणि चाल अशी की पाटलाच्या वाड्यावर लग्नाला निघालेत. ही एंजलची जोडी सहादेवानं नगरच्या एका दुकानातून पिशवीत घालून, एस.टी.त मांडीवर धरून आणली होती. दोन वर्षांत ती तळहाताएवढी झाली आणि मग एके दिवशी मादीनं टाकीतल्या पाटीच्या तुकड्यावर अंडी घातली. मोहरीपेक्षा बारीक, ओळीनं चिकटवलेली, कुणीतरी सुईनं टिंबं दिल्यासारखी. सहादेवानं त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांच्या मिशा विचारल्यावाचून उडवल्या.

त्याला पिल्लं बघायची होती. का, असं विचारलं तर सांगता यायचं नाही. चाळिशी ओलांडलेला, दोन पोरींची लग्नं उरकलेला, भजनात टाळ धरणारा गृहस्थ. पण अंड्यांतून पिल्लू बाहेर पडताना आपण बघितलंच पाहिजे, हे त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. आणि अंडी काही फुटत नव्हती. दुसऱ्या दिवशी पांढरी पडायची, तिसऱ्या दिवशी त्यांना कापूस फुटायचा. असं एकदा झालं, दोनदा झालं, वर्षभर होत राहिलं. स्टँडवरची रिकामटेकडी मंडळी रोज येऊन विचारायची, की बारसं कधी. सहादेव हसायचा आणि आतून चरफडायचा.

नगरच्या दुकानदारानं कारण सांगितलं. तुमचं पाणी जड आहे. अशा पाण्यात एंजल अंडी घालते, पण फुटत नाहीत. तिला मऊ पाणी हवं. आणि जरा घाई करा, तुमची मादी आता उताराला लागली आहे, अजून थोड्याच वेळा घालील.

पाणी जड आहे हे सहादेवाला कुणी सांगायला नको होतं. धरण उशाला आणि कोरड घशाला अशी त्या मुलखाची तऱ्हा. नळाला प्रवरेचं पाणी येई ते आठवड्यातून दोनदा, घटकाभर. बाकी सगळा कारभार बोअरवर. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, बादलीला आतून पांढरं पुट चढायचं, आणि दाढीचा साबण लावला की फेस होण्याऐवजी दही फुटल्यासारखं व्हायचं. न्हाव्याचा जन्मच ज्या फेसावर चालतो तो फेस सहादेवानं आयुष्यभर मनगट मोडून काढला होता.

अशात अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कानिफनाथ मस्कतहून सुट्टीवर आला. हा सहादेवाचा शाळेतला दोस्त, तिकडं एसी दुरुस्तीचं काम करायचा. त्यानं घरच्यांसाठी पाणी शुद्ध करायचं एक मशीन आणलं होतं. तीन पांढरी नळकांडी उभी, एक आडवं, आणि खाली रंगीत नळ्या. तिकडं म्हणे समुद्राकाठच्या खाऱ्या पाण्याला सगळे हेच लावतात. पण कानिफनाथाच्या म्हाताऱ्यानं त्या पाण्याचा एक घोट घेतला आणि थुंकला. चव नाही, म्हणाला. मशीन माळ्यावर गेलं. कानिफनाथ दाढीला आला, फेसाचं रडगाणं आणि अंड्यांचं रडगाणं एकाच बैठकीत ऐकलं, आणि म्हणाला, "अरं येड्या, तुला पायजे ते पानी माज्या माळ्यावर पडलंय."

त्या दुपारी सलूनला कुलूप लागलं. सलूनच्या मागच्या दारानं घर, घराच्या मागं परस, परसात हौद आणि अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार. दोघांनी मशीन परसातल्या भिंतीला ठोकलं, मोटारीची नळी त्याला जोडली आणि बटण दाबलं. आधी नळकांड्यांनी नुसता हुंकार दिला. मग एका बारीक नळीतून थेंब पडला. मग दुसरा. मग सुतासारखी धार लागली.

सहादेवानं ते पाणी वाटीत धरलं, आत पळाला, दाढीचा ब्रश आणला आणि साबणावर फिरवला. फेस असा उभा राहिला की वाटीबाहेर आला. सहादेव बघतच राहिला. त्यानं तो फेस आधी स्वतःच्या गालाला लावला, मग कानिफनाथाच्या, मग बायकोला हाक मारून तिच्या हाताला. पुष्पावतीनं हात झटकला, पण डाळ त्याच पाण्यात टाकली, आणि पुरणासारखी गळलेली डाळ बघून तिनंही मशीनला हळदकुंकू लावलं.

सहादेवाची आई लंकाबाई मात्र दारात उभी राहून दुसरीच नळी बघत होती. कारण मशीनला तोंडं दोन. एकातून चांगलं पाणी सुतासारखं, आणि दुसऱ्यातून उरलंसुरलं खारं पाणी भदाभदा. हंडाभर चांगलं पाणी मिळायला तीन हंडे मोरीत. उन्हाळ्याच्या दिवसांत, डोळ्यादेखत. लंकाबाईचा जीव तीळतीळ तुटला. सत्तरीची म्हातारी, पण पाण्याच्या बाबतीत ती मोगलाई सहन करणारी नव्हती. तिनं घरातली होती नव्हती ती प्लास्टिकची भांडी, बादल्या, टब, पोरींच्या अंघोळीचं जुनं घमेलं, सगळं त्या खाऱ्या नळीखाली मांडलं. त्या पाण्यानं ती धुणं धुवायची, परस शिंपायची, शेजारणीला देऊन वर उपकारही करायची.

आता सगळं प्लास्टिक खाऱ्या पाण्यात अडकल्यावर चांगलं पाणी ठेवायचं कशात? लंकाबाईला हा प्रश्नच नव्हता. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घरातल्या सगळ्यात चांगल्या भांड्यात. तिच्या लग्नातला तांब्याचा हंडा होता, चिंच लावून घासला की उगवत्या सूर्यासारखा दिसणारा. देवाचं पाणी तांब्यात, पिण्याचं पाणी तांब्यात, तर माशांनी काय पाप केलं? रोज सकाळी ती मशीनचं पाणी हंड्यात धरायची, वर पांढरं फडकं बांधायची, आणि संध्याकाळी सहादेव त्यातलं पाणी टाकीत टाकायचा. दुकानदारानं बजावलं होतं की मशीनचं नुसतं पाणी कोरं असतं, त्यात निम्मं जुनं पाणी मिसळा. तेही सहादेव इमानेइतबारे करायचा. माप त्याच्याजवळ होतंच. ब्रश फिरवायचा आणि फेस दह्यासारखाही नाही, वाटीबाहेरही नाही, असा मधला आला की पाणी जमलं. सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. स्टँडवरची मंडळीही आता गंभीर झाली होती. शिर्डीला निघालेले परगावचे प्रवासीसुद्धा डोकावून विचारायचे, घातली का.

घातली. मादीनं पाटीवर अंडी घातली, नरानं पहारा सुरू केला. सहादेवाला अन्न गोड लागेना. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली.

आणि या वेळी तेवढ्यावर भागलं नाही. टाकीतल्या गोगलगायी काच सोडून तळाला पडल्या आणि हलेनात. मादीनं खाणं सोडलं. नर पाण्याच्या वरच्या थराला येऊन आ वासू लागला, आणि दोन दिवसांनी तळाशी तिरका झाला. सहादेव घाबरला. त्यानं आणखी पाणी बदललं, हंड्यातलं चांगलं पाणी आणखी घातलं. जसं घालावं तसा नर आणखी आडवा होई. कानिफनाथ म्हणाला, मशीन बिघडलं असेल. नळकांडी खोलून बघितली तर मशीन ठणठणीत.

लंकाबाई त्या दिवसांत एकाच गोष्टीवर खूश होती. ती पुष्पावतीला म्हणाली की बाकी काही असो, या मशीनच्या पाण्याला गुण आहे. हंडा घासावा लागत नाही. आतून बघ कसा लखलखतो, चिंच न लावता.

पुष्पावती भाकरी थापत होती. तिचा हात परातीत तसाच थांबला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आतून असा हंडा कवा लखलखतो? त्यात ताक ऱ्हायलं तर."

ताक तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर कळकतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक. भांडं चकाकतं आणि ताक विष होतं. म्हणून तर कल्हई. पण पाणी? पाणी कळकतं हे कुणी बापजन्मात ऐकलं नव्हतं, कारण कोल्हारचं पाणी असलं जड की ते तांब्याला काय करणार. उलट भांड्यावर पुटच चढवणार. हे मशीनचं पाणी मात्र कोरं. भुकेलेलं. ते दिवसभर हंड्यात बसून हंडा खात होतं आणि संध्याकाळी सहादेव स्वतःच्या हातानं ते तांबं माशांना पाजत होता.

सहादेव उठला तो चप्पल न घालता सलूनमध्ये गेला. निम्मी टाकी रिकामी केली. खाऱ्या पाण्याचे टब परसात ओतले, ते घासले, त्यात मशीनचं ताजं पाणी धरलं, बोअरचं पाणी मिसळलं, ब्रश फिरवून बघितला आणि टाकी भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी नरानं अंग सरळ केलं. मादीनं गांडूळ तोंडात घेऊन थुंकलं आणि मग पुन्हा घेतलं. सहादेवानं त्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाची दाढी फुकट केली. गिऱ्हाईक तलाठी असल्यामुळं ती तशीही फुकटच व्हायची, पण या वेळी मनापासून झाली.

वाचले, या आनंदात सहादेवाच्या एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. लंकाबाईनं हंडा माळ्यावर टाकला होता, उपडा. मशीनच्या जवळ ती जाईना. खाऱ्या पाण्याला भांडी लावणं पुष्पावतीवर आलं. सलूनमध्ये तर तिनं पाऊलच टाकलं नाही. सहादेवानं समजावलं की चूक सगळ्यांची, मीच तर ओतत होतो, तुला काय ठाऊक. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मुक्या जीवाला माज्या हातानं इख गेलं. मी न्हाई आता हात लावायची." एवढं बोलून ती वाती वळायला घ्यायची. आईचं हे रूप सहादेवाला सोसायचं नाही. भांडली असती तर बरं, असं त्याला वाटे.

वैशाखात मादीनं पुन्हा अंडी घातली. थोडी होती, मागल्यापेक्षा निम्मी. दुकानदार म्हणाला होता तसं, ही उताराची. ही गेली तर पुढची येतील का, याचा काही भरवसा नव्हता. या वेळी सहादेवानं पाटीचा तुकडा उचलून लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला, मशीनचं मिसळलेलं पाणी घातलं, अंड्यांना कापूस फुटू नये म्हणून निळं औषध दोन थेंब टाकलं आणि बुडबुड्याचं मशीन चालू केलं. बरणी घरात, खिडकीपाशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वस्तरा हातात धरून घरात डोकवायला आला आणि तिथंच उभा राहिला. अंडी पांढरी नव्हती. अंडी हलत होती. नीट बघितलं तर अंडी नव्हतीच. प्रत्येक टिंबाला एक केसाएवढी शेपटी होती आणि ती शेपटी थरथरत होती. तो परत सलूनमध्ये गेलाच नाही. खुर्चीतलं गिऱ्हाईक गालावर फेस घेऊन आत आलं, त्याच्यामागं कानिफनाथ, त्याच्यामागं स्टँडवरचा शेंगदाणेवाला. पुष्पावतीनं पदर डोळ्याला लावला. कुणीतरी पेढे आणायला पळालं. सहादेव सगळ्यांना हळू बोला, हळू बोला असं ओरडून सांगत होता. लंकाबाई चुलीपाशी बसून राहिली. सहादेवानं हात धरला तर तिनं सोडवून घेतला. लांबूनच बरी, म्हणाली.

आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लं पाटी सोडून पोहू लागली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून सहादेव त्यांना चिमटीनं देई. आता तीच नाजूक वेळ होती. बरणी लहान, पिल्लं पुष्कळ; बुडबुडे थांबले तर घटकाभरात सगळी तळाला. लाईट गेली की सहादेव नाहीतर पुष्पावती मग्यानं पाणी उचलून वरून धार सोडत बसायची, लाईट येईपर्यंत.

आणि नेमकं बेलापूरचं लग्न आलं. भावकीतलं. नवरदेवाची दाढी सहादेवानं करायची आणि पुष्पावतीनं करवलीमागं उभं राहायचं, हा मान सोडला तर पुढं दहा वर्षं तोंड दाखवायची सोय नाही. कानिफनाथ तर आदल्याच आठवड्यात मस्कतला परतलेला. सहादेवानं शेजारच्या दुकानदाराला सांगून ठेवलं की लाईट गेली तर घरात जा. आईला त्यानं काहीच सांगितलं नाही. तिच्या मनावर ओझं नको, म्हणून.

बेलापुरात नवरदेवाचा एक गाल झाला होता आणि मांडवातला लाऊडस्पीकर अचानक गप्प झाला. बायका म्हणाल्या, बरं झालं, कान किटले होते. लाईट गेली, हे एकट्या सहादेवाच्या ध्यानात आलं. दुसरा गाल त्यानं कसा केला हे त्याचं त्याला ठाऊक. रक्त निघालं नाही ही त्या पोराची पुण्याई. पुष्पावतीला नजरेनं सांगून तो मांडवातून निसटला आणि मिळेल त्या जीपला लोंबकळला. वाटेत जिथं जिथं पिठाची गिरणी लागली तिथं त्यानं कान दिला. एकही गिरणी चालत नव्हती.

कोल्हारात उतरला तर शेजारच्या दुकानाला कुलूप. दुकानदार जेवायला घरी गेलेला. सहादेव सलूनमधून धावत घरात शिरला.

लंकाबाई खिडकीपाशी पाटावर बसली होती. तिच्या हातात अंघोळीचा प्लास्टिकचा मग होता. बरणीतलं पाणी ती वाटीनं हळूच मग्यात घ्यायची, त्यात एखादं पिल्लू आलं का हे उजेडाला धरून बघायची, आणि मग हात उंच करून बारीक धार खाली सोडायची. घेतलं, बघितलं, सोडलं. धार कुठं तुटत नव्हती. पिंडीवर अभिषेक करतात तशी ती धार. पदर खांद्यावरून घसरलेला, कपाळावरून घाम गळत होता, आणि बरणीत पिल्लं पोहत होती. सगळी. एकसुद्धा तळाला नव्हतं.

सहादेव दारालाच टेकला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही.

म्हातारीनं मान वळवली नाही. "हात लावला मी," ती म्हणाली. "इचारायला कोन न्हवतं घरात."

"आई, दे हिकडं. मी करतो आता."

"थांब जरा. तू घाईनं वततोस. बारकाली भितेत."

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. तिची धार चालूच राहिली. मग बाहेर कुठंतरी रेडिओ खरखरला, आणि बरणीतल्या नळीनं गुळगुळ करत बुडबुडे सोडायला सुरुवात केली.

"लाईट आली," सहादेव म्हणाला. "आता ऱ्हाऊ दे."

लंकाबाईनं बुडबुड्यांकडं संशयानं बघितलं आणि मग्यात आणखी एक वाटी पाणी घेतलं.

"लाईटीचं काय खरं हाय," ती म्हणाली, आणि तिनं हात उंच केला.